वडिलांच्या एलपी, आजोबांच्या लाखेच्या तबकड्या आणि साठ हजारांची मर्यादा

कोथरूडकर

नमस्कार. शनिवार पेठेतले आमचे जुने घर पुनर्बांधणीसाठी रिकामे करावे लागले, तेव्हा वडिलांचा ध्वनिमुद्रिकांचा संग्रह माझ्याकडे कोथरूडला आला. वडिलांना जाऊन चार वर्षे झाली आणि त्याआधीची आठदहा वर्षे या तबकड्या कोणी वाजवल्याच नव्हत्या. मोजल्या तेव्हा १४० एलपी (लाँग प्ले, म्हणजे मोठ्या तबकड्या), पन्नासच्या आसपास ईपी (छोट्या तबकड्या) आणि आजोबांच्या वेळच्या ३६ लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या निघाल्या. एलपींमध्ये निम्म्याहून अधिक ख्यालगायन आहे. उरलेल्यांत नाट्यसंगीत, अभंग आणि भावगीते आहेत. लाखेच्या तबकड्यांवर बहुतेक नाट्यपदे आहेत.

वडील ज्या पेटीच्या प्लेअरवर हे ऐकत, तो सुरू होतो, पण त्याचे रबरी चाक कडक झाले आहे आणि आवाजात सतत घरघर येते. एक एलपी लावून पाहिली आणि भीती वाटून लगेच उचलली. त्यानंतर दोन दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी स्पीकर आतच असलेला, सुटकेससारखा बंद होणारा प्लेअर दाखवला आणि 'सगळे यावरच ऐकतात' असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी दोन लाखांच्या आत काही घेण्यात अर्थ नाही, असे मत पडले. मी सगळे मिळून साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत. त्यात टर्नटेबल (तबकडी फिरवणारे यंत्र), अँप्लिफायर (आवाज वाढवणारे यंत्र), स्पीकर आणि साफसफाईचे साहित्य बसावे, अशी इच्छा आहे. खोली दहा बाय चौदा फुटांची आहे आणि इमारतीतला तिसरा मजला आहे.

माझा मेहुणा न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. त्याच्याकडे १९८०च्या दशकातला, पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारा एक उत्तम स्थितीतला टर्नटेबल पडून आहे आणि डिसेंबरमध्ये येताना तो आणायची त्याची तयारी आहे. तो घेतला तर बरेच पैसे वाचतील. तो येथे चालेल का? एकाच यंत्रावर एलपी आणि लाखेच्या तबकड्या दोन्ही ऐकता येतात का? फोनो प्रीअँप नावाची जी वस्तू सगळे सांगतात, ती वेगळी घ्यावीच लागते का? आणि पैसे मर्यादित असताना ते आधी कशावर खर्च करावेत? मला यंत्रांची हौस नाही. वडिलांनी जपलेले गाणे नीट ऐकू यावे आणि तबकड्यांना इजा होऊ नये, एवढेच हवे आहे.

मध्यलय

नमस्कार. साठ हजारांत मनापासून ऐकता येईल अशी व्यवस्था नक्की उभी राहते. मात्र विचाराची सुरुवात यंत्रापासून न करता आपल्याकडे असलेल्या तबकड्यांपासून करा, कारण या विषयावर इंटरनेटवर मिळणारा बहुतेक सल्ला पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्यांनी त्यांच्यासारख्यांसाठी लिहिलेला असतो आणि ख्याल ऐकणाऱ्याची गरज दोन बाबतींत त्याहून वेगळी आहे.

पहिली बाब सुईची. एलपी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेते आणि हा वेग पहिल्या खोबणीपासून शेवटच्या खोबणीपर्यंत तोच राहतो. पण बाहेरच्या खोबणीचे वर्तुळ मोठे आणि लेबलजवळच्या खोबणीचे लहान असल्यामुळे सुईखालून खोबण सरकण्याचा वेग सारखा राहत नाही. बाजूच्या सुरुवातीला तो सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर असतो आणि शेवटी साधारण २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे एका सेकंदाचा आवाज बाहेर जेवढ्या लांबीत पसरलेला असतो, त्याच्या निम्म्याहून कमी लांबीत आत कोंबलेला असतो. खोबणीची वळणे तिथे इतकी जवळ येतात की जाड टोकाची सुई त्यांत नीट उतरत नाही आणि आवाज चरचरीत होतो. आता ख्यालाच्या एलपीची मांडणी आठवून पाहा. विलंबित बडा ख्याल बाहेरच्या, ऐसपैस खोबणीत येतो आणि द्रुत बंदिश, तिच्यातल्या वेगवान ताना, तबल्याची वाढलेली लय हे सगळे लेबलजवळ येते. तबकडी जिथे सर्वांत दुबळी असते तिथेच आपले गाणे चरमसीमेला पोचते. त्यामुळे आपल्यासाठी सुईचा दर्जा हा चैनीचा भाग नाही.

सुईच्या हिऱ्याचे टोक साधारणपणे तीन प्रकारचे मिळते. गोल टोकाची सुई सर्वांत स्वस्त असते. लंबवर्तुळाकार टोकाची सुई कडेने अधिक बारीक असल्यामुळे आतल्या खोबणीत बरीच चांगली चालते. त्याहून बारीक घासलेली मायक्रोलिनिअर सुई महाग असते, पण शेवटच्या तानाही स्वच्छ उलगडते. माझ्या अनुभवात पहिल्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर गेल्यावर जो फरक पडतो, तो महागड्या केबलींवर कितीही पैसे घालून पडत नाही.

दुसरी बाब वेगाच्या स्थिरतेची. ड्रम आणि गिटारच्या गदारोळात वेगातली किंचित डुलकी लपून जाते, पण आपल्या गाण्यात पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तानपुरा चालू असतो. तबकडी जिच्यावर ठेवतात ती थाळी जरा जरी मागेपुढे झाली तरी षड्ज हलतो आणि सुरांची सवय असलेल्या कानाला ते लगेच खुपते. म्हणून मी आपल्याला क्वार्ट्झ नियंत्रण असलेला डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल सुचवीन, म्हणजे ज्यात मोटर थाळीला थेट फिरवते आणि इलेक्ट्रॉनिक मंडल तिचा वेग धरून ठेवते. येथे एक गोष्ट सांगून ठेवतो. काही तबकड्यांचे मधले भोकच केंद्रापासून सरकलेले असते आणि त्या उत्तम यंत्रावरही डुलतात. तानपुरा दर पावणेदोन-दोन सेकंदांनी हलत असेल आणि त्याच लयीत सुईची भुजा डावीउजवीकडे झुलताना दिसत असेल, तर दोष तबकडीचा समजावा.

प्रत्यक्ष नाव घ्यायचे तर आपल्या संग्रहासाठी ऑडिओ-टेक्निकाचा एटी-एलपी१२०एक्स हा माझ्या डोळ्यांसमोर आहे. तो डायरेक्ट ड्राइव्ह आहे, ३३, ४५ आणि ७८ हे तिन्ही वेग त्यात आहेत, सुईचा भार आणि अँटिस्केटिंग (भुजा आत ओढली जाऊ नये यासाठीची सोय) दोन्ही आपल्याला जुळवता येतात आणि फोनो प्रीअँप आतच असून तो बटणाने बंदही करता येतो. त्याच्यासोबत येणारे व्हीएम९५ई हे कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या हालचालीची वीज करणारा भाग, लंबवर्तुळाकार सुईचे आहे. त्याच कार्ट्रिजच्या धडावर पुढे मायक्रोलिनिअर सुई बसते आणि ७८च्या तबकड्यांसाठीची जाड सुईही बसते. सुई हाताने ओढून काढायची आणि दुसरी बसवायची, एवढेच काम असते. ३६ लाखेच्या तबकड्या नसत्या, तर मी पट्ट्यावर चालणारा रेगा प्लॅनर १ही सुचवला असता, कारण त्याची भुजा त्या किमतीत फार चांगली आहे. पण त्याला ७८ चा वेग नाही.

फोनो प्रीअँपबद्दल. एलपी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात. तसे केले नाही तर खर्जाची वळणे शेजारच्या खोबणीत घुसतील आणि वरच्या स्वरांवर तबकडीची खसखस चढेल. ऐकताना याच्या बरोबर उलट क्रिया करावी लागते आणि २० हर्ट्झपासून २० हजार हर्ट्झपर्यंत ही दुरुस्ती जवळजवळ ४० डेसिबलची असते. १९५४ नंतर तिचे प्रमाण आरआयएए या नावाने रूढ झाले. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट (सुईसोबत बारीक चुंबक हलते अशा) प्रकारच्या कार्ट्रिजमधून केवळ चारपाच मिलिव्होल्ट बाहेर पडतात. ते वाढवणे आणि स्वरांचे प्रमाण पूर्ववत करणे ही दोन कामे फोनो प्रीअँप करतो. तो कुठेतरी एकदा असावाच लागतो आणि दोनदा असून चालत नाही. अँप्लिफायरला फोनोची जोडणी असेल तर टर्नटेबलमधला प्रीअँप बंद करावा. तशी जोडणी नसेल तर चालू ठेवावा.

पैशांची वाटणी मी अशी करीन: टर्नटेबल आणि कार्ट्रिजसाठी तीस-बत्तीस हजार, स्पीकरसाठी पंधरा ते अठरा हजार, ७८ ची सुई आणि भार मोजायचा काटा यांसाठी पाचसहा हजार, आणि राहिलेले साफसफाई व नवीन आतील पाकिटे यांसाठी. एवढ्या खोलीत वेगळा अँप्लिफायर न घेता अँप्लिफायर आत असलेले स्पीकर घेणे शहाणपणाचे ठरेल. एडिफायरचा आर१२८०टी हा त्यातला साधा आणि भरवशाचा नमुना आहे. गळ्याचा आवाज ज्या पट्ट्यात असतो तो त्यावर मोकळा येतो आणि आपल्याला तोच हवा आहे. सबवूफरच्या वाटेला जाऊ नये.

सुटकेसचा प्लेअर कृपया घेऊ नका. त्यातल्या सिरॅमिक कार्ट्रिजचा भार बहुधा पाच ग्रॅम किंवा त्याहून जास्त असतो, तो कमी करण्याची सोय नसते आणि स्पीकर त्याच पेटीत थरथरत असतो. वडिलांचा प्लेअर आठवण म्हणून जरूर जपा. त्यावर लाखेच्या तबकड्यांपुरती योग्य सुई बसवून घेता येईल, पण एलपी, विशेषतः स्टीरिओ (डावा आणि उजवा आवाज वेगळा असलेली) एलपी, पुन्हा लावू नका. कव्हरवर ईसीएसडीने सुरू होणारा क्रमांक असेल तर ती एचएमव्हीची स्टीरिओ तबकडी आणि ईसीएलपी असेल तर मोनो, म्हणजे दोन्हीकडे एकच आवाज असलेली. स्टीरिओच्या खोबणीत सुईला खालीवरही हलावे लागते. जुनी मोनो सुई त्या दिशेने ताठ असते आणि ती खोबण अक्षरशः नांगरत जाते.

गिरगावकर

मध्यलय यांच्या बहुतेक म्हणण्याशी मी सहमत आहे, पण जुन्या यंत्रांची बाजूही मांडली पाहिजे. गेली पंचवीस वर्षे मी जुनी, वापरलेली यंत्रेच घेत आलो आहे आणि माझ्या समजुतीने आज तीस हजारांना मिळणाऱ्या नव्या टर्नटेबलपेक्षा १९७०च्या दशकातली चांगली जपानी यंत्रे अधिक भक्कम बांधणीची आहेत. टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ साली आला आणि त्या घराण्याची यंत्रे आजही रोज वाजत आहेत. मुंबईत चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर आणि आपल्या पुण्यात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात फिरलात तर अधूनमधून काही चांगले हाती लागते.

मात्र तेथे घेताना पारख लागते आणि ती नसेल तर जाणत्या माणसाला सोबत घेऊन जावे. भुजा बोटाने अगदी हळू हलवली असता कुठेही अडखळता कामा नये. ती आडव्या धुऱ्यात खडखडली तर बेअरिंग गेले आहे असे समजावे. थाळी बंद स्थितीत हाताने फिरवून खालून खरखर येते का, ते ऐकावे. सुईची अवस्था विक्रेत्याने काहीही सांगितली तरी सुई बदलायची असेच धरून हिशेब करावा. मी एकदा एका विक्रेत्याच्या शब्दावर विश्वास ठेवून सुई तशीच वापरली आणि एका आठवड्यात माझ्या चार एलपींच्या वरच्या षड्जाला कायमची चरचर लागली. त्यानंतर भिंग घेतल्याशिवाय मी कधी खरेदीला गेलो नाही.

आता अमेरिकेतल्या टर्नटेबलविषयी, कारण त्यात आपली फसगत होण्याची शक्यता आहे. तेथील वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची आहे; आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टचा प्रश्न ट्रान्सफॉर्मरने सुटतो, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. पट्ट्यावर चालणाऱ्या अनेक जुन्या यंत्रांतली एसी सिंक्रोनस मोटर विजेच्या हर्ट्झवरच आपला वेग ठरवते. अशी मोटर येथे एक षष्ठांशाने हळू फिरेल आणि ३३ ऐवजी २८ च्याही किंचित खाली फेरे होतील. सुरांत सांगायचे तर काळी एकमध्ये गायलेले गाणे सव्वातीन स्वरपट्ट्यांच्या जवळपास खाली घसरून मंद्र सप्तकातल्या काळी पाचच्याही थोडे खाली ऐकू येईल. गायकाचा आवाज ओळखूही येणार नाही. ५० हर्ट्झसाठीची मोठी पुली (पट्टा फिरवणारे मोटरचे चाक) त्या मॉडेलला मिळत असेल तर ती बसवून हा दोष पूर्ण जातो. यंत्रात डीसी मोटर असेल तर हा प्रश्नच येत नाही, फक्त ट्रान्सफॉर्मर लागतो. म्हणून मेहुण्यांना यंत्र उलटे करून खालच्या पट्टीवरचा मजकूर वाचायला सांगा. तेथे फक्त '६० हर्ट्झ' लिहिले असेल आणि पुली मिळत नसेल, तर विमानातून वाहून आणण्याचा त्रास घेऊ नये. जपानहून आलेल्या यंत्रांतही हीच काळजी घ्यावी लागते, कारण तेथे टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झची वीज आहे आणि व्होल्ट दोन्हीकडे १००.

लाखेची तबकडी

आपल्या ३६ तबकड्यांबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो. माझा सगळा जीव याच तबकड्यांत आहे.

या तबकड्या लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाच्या असतात. त्यांची खोबण एलपीच्या खोबणीच्या साधारण तिप्पट रुंद असते. एलपीच्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे असते. ७८ साठी ते साधारण ७६ मायक्रॉनचे लागते. एलपीची सुई लाखेच्या तबकडीवर ठेवली तर ती खोबणीच्या तळाशी कचऱ्यात घासत जाते, आवाजात निव्वळ खसखस येते आणि सुईही खराब होते. म्हणून वर सांगितलेली वेगळी सुई घेणे अत्यावश्यक आहे, आणि भार किती ठेवायचा ते तिच्यासोबत येणाऱ्या कागदावर पाहून प्रत्येक वेळी पुन्हा जुळवावे.

साफसफाईबाबत हात जोडून एक विनंती करतो. लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावू नका. आयसोप्रोपाइल असो वा बाजारातला एलपी साफ करण्याचा तयार द्रव असो, त्यात अल्कोहोल असेल तर लाख विरघळते आणि खोबणीतले गाणे पुसले जाते. एका परिचितांच्या घरी अशा अकरा तबकड्या एका दुपारी पांढुरक्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, त्यात वासाचा नसलेला सौम्य साबण अगदी थेंबभर मिसळावा, लेबलवर प्लॅस्टिकचे झाकण दाबून धरावे, मऊ ब्रशने खोबणीच्या दिशेने फिरवावे, साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवावे आणि मऊ कापडाने लगेच टिपून उभे करून वाळवावे. काठाला चीर असेल तर पाणी आत मुरते, म्हणून अशी तबकडी फक्त कोरड्या ब्रशने झटकावी. एलपीसाठीही हीच रीत चालते. तिच्यावर बुरशीचे डाग हट्टी असतील तर पाण्यात थोडे आयसोप्रोपाइल मिसळलेले एलपीला सोसते, कारण ती विनाइलची असते.

ऐकण्याबाबत दोन गोष्टी. या तबकड्या मोनो आहेत, म्हणजे खोबणीतली उपयोगाची माहिती फक्त आडव्या हालचालीत आहे. स्टीरिओ कार्ट्रिज मात्र उभी हालचालही वाचते आणि ती सगळी धूळ आणि झीज यांची असते. डावा आणि उजवा आवाज एकत्र केला की उभ्या हालचालीचा आवाज परस्परांना छेदून जातो आणि खसखस लक्षात येण्याइतकी कमी होते. अँप्लिफायरला मोनोचे बटण असेल तर ते वापरा, आणि आपल्या ईसीएलपी क्रमांकाच्या एलपींनाही ते वापरा.

दुसरी गोष्ट वेगाची. '७८' हा आकडा पुढे स्थिरावला. १९२५ पूर्वीच्या, भोंग्यासमोर गाऊन मुद्रित केलेल्या तबकड्यांचा खरा वेग ७० पासून ८० च्या वरपर्यंत कुठेही असू शकतो. त्यामुळे वेग थोडा कमीजास्त करण्याची सोय असलेला टर्नटेबल आपल्याला फार उपयोगी पडेल. योग्य वेग ओळखण्यासाठी मी साथीच्या पेटीचा किंवा ऑर्गनचा आधार घेतो. वाद्याच्या पट्ट्या ठरलेल्या असतात, म्हणून षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेग चुकला आहे असे बहुधा समजावे आणि तो जवळच्या पट्टीवर आणून पाहावा. मग गायकाचा आवाज नैसर्गिक वाटतो का, ते कानाने ठरवावे. जुनी वाद्ये आजच्या सुराला तंतोतंत मिळतीलच असे नाही, त्यामुळे शेवटचा निवाडा कानाचाच. स्वरांची आरआयएए दुरुस्तीही या तबकड्यांना नेमकी लागू पडत नाही. खर्ज आणि टीप यांची बटणे थोडी फिरवून घ्यावीत.

लेबल आणि क्रमांक लिहून ठेवा. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था अशा तबकड्यांच्या नोंदी आणि अभ्यास यांसाठी अनेक वर्षे काम करत आली आहे. नाट्यपदांच्या ३६ तबकड्यांत एखादी दुर्मीळ असण्याची शक्यता बरीच आहे.

कोथरूडकर

आपण तिघांनी एवढ्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मेहुण्याने यंत्र उलटे करून पाहिले. पट्टीवर '१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ' एवढेच आहे आणि त्या मॉडेलची पुली कुठेही मिळत नाही, म्हणून तो विचार सोडून दिला. तीन आठवड्यांपूर्वी एटी-एलपी१२०एक्स आणि अँप्लिफायर आत असलेले स्पीकर घेतले, ७८ ची सुई मागवली आहे. पहिल्या संध्याकाळी एलपी लावली आणि बडा ख्याल सुरू झाला तेव्हा घरातली सगळी माणसे कामे टाकून येऊन बसली.

पण दोन अडचणी आहेत. आवाज वाढवला की एक खोल हूं असा नाद येतो, तबकडी लावलेली नसली तरीही. आणि मोठ्या आवाजात तबल्याचा बायाँ वाजला की तो स्पीकरमधून घुमतच राहतो, कधीकधी वाढत जातो. सर्व वस्तू मी दिवाणखान्यातल्या प्लायवूडच्या शोकेसवर ठेवल्या आहेत.

गिरगावकर

या दोन वेगवेगळ्या व्याधी आहेत. तबकडी नसतानाही येणारा नाद विजेचा आहे. टर्नटेबलच्या मागे अर्थिंगचा स्क्रू असतो. त्यावरची बारीक तार स्पीकरच्या किंवा अँप्लिफायरच्या धातूच्या भागाला जोडून पाहा. तेवढ्याने गेला नाही तर भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग खरोखर जोडलेले आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण जुन्या इमारतींत तिसरे भोक पुष्कळदा नुसते दिसायलाच असते. तीन पिनांच्या वायरीला दोन पिनांचे अडॅप्टर लावले असेल तर ते काढा. वाय-फायचा राउटर आणि मोबाइलचा चार्जर टर्नटेबलपासून दूर ठेवा.

बायाँ घुमण्याचे कारण शोकेस आहे. स्पीकरची थरथर प्लायवूडमधून थाळीत, थाळीतून सुईत आणि सुईतून पुन्हा स्पीकरमध्ये जाते. हे चक्र वाढत राहिले की आवाज हुंकारू लागतो. स्पीकर त्या शोकेसवरून आजच उतरवा आणि वेगळ्या स्टँडवर ठेवा. मी चाळीत राहतो. आमच्याकडे लाकडी जमीन आहे आणि कोणी खोलीत चालत गेले तरी सुई उडी मारत असे. शेवटी विटांच्या बाहेरच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून टर्नटेबल त्यावर नेला, तेव्हापासून पावलांचा त्रास पूर्ण थांबला. आपल्याकडे स्लॅब असल्यामुळे एवढे करावे लागणार नाही; टर्नटेबल जड, स्थिर टेबलावर ठेवून पाणसळीने समपातळीत आणला तरी पुरेल. आणि १४० एलपी त्याच शोकेसमध्ये ठेवणार असाल तर त्यांचे वजन पस्तीस-चाळीस किलो भरेल, हे लक्षात घेऊन फळी तपासा. एलपी उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

कोथरूडकर

स्पीकर वेगळ्या स्टँडवर नेल्याबरोबर घुमणे थांबले. हूं असा नाद अडॅप्टरमुळेच होता. आता शेवटची शंका विचारतो. बहुतेक एलपी शेवटपर्यंत स्वच्छ वाजतात, पण वडील ज्या सातआठ एलपी वारंवार लावत, नेमक्या त्यांच्याच द्रुत बंदिशी फाटल्यासारख्या येतात. इजा होऊ नये म्हणून मी सुईचा भार दीड ग्रॅमवर ठेवला आहे.

मध्यलय

भार आधी दोन ग्रॅम करा. व्हीएम९५ई साठी १.८ ते २.२ ही मर्यादा आहे. हलकी सुई तबकडी वाचवते, हा समज सर्वत्र आढळतो, पण प्रत्यक्षात भार कमी पडला की जोरदार तानेत सुई खोबणीची भिंत सोडते आणि पुन्हा तिच्यावर आपटते. ते आपटणेच भिंत फोडते. सोनाराच्या काट्यासारखा शतांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या, भुजेवरच्या आकड्यांवर पूर्ण विसंबू नका. त्यानंतर कार्ट्रिज योग्य कोनात आहे की नाही, ते प्रोट्रॅक्टरच्या (कोन मोजण्याच्या) कागदावर तपासा. दोन मिलिमीटरची चूकही लेबलजवळ ऐकू येते.

एवढे करूनही त्याच सातआठ एलपी फाटत असतील, तर जुन्या सुईने त्या भिंती झिजवल्या आहेत असे धरावे लागेल. झिजलेला भाग परत भरून येत नाही. पण जुनी गोल सुई भिंतीच्या एका ठराविक उंचीवरच टेकत असे आणि मायक्रोलिनिअर सुई तिच्याहून बारीक व उंच रेषेत टेकते, त्यामुळे तिला पुष्कळदा भिंतीचा न झिजलेला पट्टा सापडतो. माझ्या तीन एलपी अशा परत ऐकण्याजोग्या झाल्या, दोन झाल्या नाहीत. आपल्या कार्ट्रिजच्या धडावर ती सुई तशीच बसते. कंपनी तिचे आयुष्य सुमारे १००० तास सांगते आणि आपल्या आताच्या सुईचे ३०० तास, त्यामुळे किंमत जास्त वाटली तरी तासांच्या हिशेबात ती महाग पडत नाही. आताची सुई झिजेपर्यंत त्या सातआठ एलपी बाजूला ठेवा आणि बदलताना थेट ती सुई घ्या.